गूळवाल्यांची बैठक

धारेच्या आमच्या घरात माणसांपेक्षा कापड जास्त होतं. आबा पगडबंद. दरबारच्या मानकऱ्यांच्या पगड्या, मंदील, लग्नातले साफे, सगळं त्यांच्या हातून बांधलं जायचं. त्यांच्या आजोबांनी दख्खनेतून येताना बरोबर काय आणलं होतं असं विचारलं, तर आबा म्हणत, "दोन हात आणि एक लाकडी डोकं." ते लाकडी डोकं म्हणजे पगडी चढवायचं कालबूत. आमच्या ओसरीवर अशी चार-पाच कालबुतं ओळीनं मांडलेली असत आणि नवा माणूस संध्याकाळी आला की दचकून नमस्कार करायचा. सकाळी आई तांदळाची खळ शिजवायची. तिचा तो आंबूस, उबदार वास अजून नाकात आहे. खळीतून काढलेला साफा पिळला की एक टोक आईच्या हातात, दुसरं माझ्या. मग आम्ही गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो ताणून धरायचो आणि फट्‌फट् झटकायचो. मधून जाणारे लोक वाकून पलीकडे जात. कोणी गाडीवान ओरडायचा, "अरे बई, रस्तो तो दो!" आई ओरडायची, "दरबाराचं कापड आहे, खालून जा!" बैलांना काही खालून जाता येत नसे, म्हणून तो बिचारा थांबायचा.

आबा बोलके होते. साफा बांधताना समोरच्याचं डोकं हलू नये म्हणून ते गोष्टी सांगत. "कानाला काम दिलं की मान आपोआप गप्प बसते," असं त्यांचं म्हणणं. सगळी धार त्यांच्यावर खूश होती. हेच आमचं दुखणं होतं. कारण आबा मोहाची दारू पीत, आणि भरपूर पीत, पण पिऊन ते कुणाला मारत नसत, शिव्या देत नसत. गाणी म्हणत यायचे, माझ्यासाठी शेवेची पुडी आणायचे, वाटेतल्या कुत्र्यालाही "काय भिया, जेवलास का?" म्हणून विचारायचे. शेजारणी आईला म्हणत, "तुमचे मालक पितात, पण बोलतात किती गोड!" आई म्हणायची, "गोड बोलण्यावर भाकरी भाजत नाही, बाई." सकाळी आबांचे हात थरथरत. मग ते हळूच मागच्या दारानं जायचे आणि हात ठीक करून यायचे. मी तेरा वर्षांची होते. माझ्या लग्नाची बोलणी दारापर्यंत येऊन परत गेली होती. मला त्याचं काही वाटत नव्हतं, उलट मी मजेत होते, पण आई त्यानंतर किती तरी दिवस भाकऱ्या जोरात थापायची.

मग त्या वर्षी एका मोठ्या सरदाराच्या मुलाचं लग्न निघालं. आबांनी नवरदेवाला साफा बांधला. सकाळीच 'हात ठीक करून' आले होते, पण त्या दिवशी बहुधा जरा जास्तच ठीक झाले. वरात निघाली. नवरदेव घोड्यावर, पुढे वाजंत्री, आम्ही बायका ओटीवरून पाहतोय. आणि चौकात येता येता साफ्याचा एक पेच सुटला. मग दुसरा. नवरदेवाच्या डोळ्यांवर कापड आलं, पाठीवर सोडलेला शेमला घोड्याच्या पायाशी लोंबू लागला, घोडा बुजला, बाशिंग वाकडं झालं. वाजंत्रीवाले हसू आवरेना म्हणून वाजवायचे थांबले. ते थांबल्यामुळे लोकांचं हसू ऐकू यायला लागलं. मला आजही नवल वाटतं की मीही त्यात हसले होते, जोपर्यंत मला आबांचा चेहरा दिसला नव्हता तोपर्यंत.

सरदारांनी रागावून काही केलं नाही. निरोप पाठवला फक्त, की यापुढे पगडबंदाने यायची तसदी घेऊ नये. आबा घरी येऊन कालबुतांसमोर बसले. त्या संध्याकाळी ते प्याले नाहीत. दुसऱ्या दिवशी अंग थरथरून घामाघूम झाले, तिसऱ्या दिवशी परत प्याले, आणि परत येऊन आईसमोर लहान मुलासारखे रडले. "मला सोडायची आहे गं. पण एकट्याला सुटत नाही." हे वाक्य त्यांनी किती जणांना किती वेळा म्हटलं असेल, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते गोड आवाजात म्हटलेलं नव्हतं.

बाग नावाच्या गावाहून छापील कापड विकायला गेंदालाल म्हणून एक माणूस यायचा. साफ्यांचं कापड तोच द्यायचा. तो गठडी सोडता सोडता सगळं ऐकत होता. मग म्हणाला, "पगडबंदजी, हूँ भी पीतो थो. थारा से जादा." आईनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू देव बोलला. गेंदालाल म्हणाला, देवासला एक मंडळी आहे. सोडणाऱ्यांची. सगळे पूर्वी पिणारेच, संध्याकाळी एकत्र बसतात. तो तिथे जाऊन बसला होता. "मंडळीचं नाव काय? कुठं बसतात?" आईनं विचारलं. "नाव-वाव काही नाही. देवासमध्ये विचारा, कोणीही सांगेल."

कोणीही सांगेल! हे वाक्य ज्यानं म्हटलं त्याला देवासला आमच्याबरोबर फिरवायला हवा होता.

आईचा भाऊ देवासला शिपाई होता. त्याच्याकडे जायचं ठरलं. बैलगाडीनं जाताना मधे इंदुरास मुक्काम, मग पुढे. थंडी चांगली पडली होती. आईनं भाजलेल्या मक्याचं पीठ, गूळ, लसणाची चटणी आणि एक मडकंभर लोणचं घेतलं होतं.  क्षिप्रा ओलांडताना आबा अचानक म्हणाले, "मला तिथे काय करतील गं?" आई म्हणाली, "खातील." आबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, आणि मग आईही हसली, आणि गाडीवान कारण न कळता हसला.

देवास तेव्हा दोन राज्यांचं गाव होतं. एक थोरली पाती, एक धाकटी पाती. रस्त्याच्या या बाजूला एक राजा, त्या बाजूला दुसरा. मामा थोरल्या पातीचा शिपाई, आणि त्याचा अभिमान असा की धाकट्या बाजूला काय आहे ते त्याला ठाऊक असलं तरी तो सांगत नसे. आईनं विचारलं, "दादा, दारू सोडणाऱ्यांची बैठक कुठं भरते रे?" मामा मिशीवर हात फिरवून म्हणाला, "आमच्या बाजूला असलं काही नाही. आमच्या बाजूला कोणी पीतच नाही." मामी आतून खोकली. ती एवढंच करायची, पण तेवढ्यावरून सगळं कळायचं.

म्हणून दुसऱ्या दिवशी आई आणि मी शोधायला निघालो. आबा मामाकडे राहिले, मामाच्या पहाऱ्यात. आम्ही हलवायाला विचारलं, "भैया, इथं दारूवाल्यांची बैठक कुठं असते?" त्यानं आमच्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "गाणेवाली कां से अई री है?" त्याला वाटलं आम्ही मैफलीची चौकशी करतोय. आई लाल झाली. पुढे एका वाण्याला विचारलं, तर तो म्हणाला, "बाई, दारू प्यायची बैठक तर गल्लोगल्ली आहे. सोडायची ऐकली नाही." एका पुजाऱ्यानं आम्हाला टेकडीवर देवीकडे पाठवलं. आम्ही पायऱ्या चढून गेलो, देवीला नारळ फोडला, परत उतरलो. कोणाला काही ठाऊक नव्हतं. आई एका चबुतऱ्यावर बसली आणि म्हणाली, "त्या गेंदालालनं बनवलं आपल्याला."

मी म्हटलं, "आई, कलालाला विचारू या."

"कुणाला?"

"दारू विकणाऱ्याला. ज्यांनी प्यायची सोडली ते सगळे आधी त्याच्याकडेच जात असतील ना? आता येत नाहीत. मग ते कुठं जातात ते त्यालाच ठाऊक असणार."

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला आणि उठली. एका चांगल्या घरच्या बाईनं मुलीला घेऊन भर दिवसा कलालीच्या दारात उभं राहणं म्हणजे काय होतं, हे आज माझ्या नातसुनांना सांगून कळत नाही.  आत बसलेल्यांपैकी एकानं तर कुल्हड पाठीमागे लपवला, जशी काही त्याची स्वतःचीच बायको आली. कलाल मोठा, ढेरपोट्या, कपाळाला गंध लावलेला माणूस होता. आईनं विचारलं. त्याचा चेहरा असा झाला, जणू त्याच्या पायावर कोणी मुसळ टाकलं.

"वी गुड़वाला?" तो ओरडला. "म्हारा गिराक तोड़ी ने ली जाय है! नाव मत लो उनको!"

"गूळवाले?" आई म्हणाली.

"और कईं! तेलण का घाणा पे बैठे है सब. गुड़ खाय है ने बाताँ करे है. पक्का गिराक था म्हारा, बीस-बीस बरस का!" आणि रागारागात त्यानं आम्हाला संपूर्ण रस्ता नीट समजावून सांगितला. कुठं वळायचं, कुठल्या पिंपळापाशी, कुठल्या दारातून. रागात माणूस पत्ता फार बिनचूक सांगतो.

देवासमध्ये त्या मंडळीला गूळवाले म्हणत. 'दारू सोडणारे' म्हणून विचारलं तर कोणालाच कळणार नव्हतं. घाणा भागूबाई म्हणून एका विधवा तेलणीचा होता आणि होता धाकट्या पातीत. संध्याकाळी आबांना घेऊन निघालो, तेव्हा मामा रस्त्याच्या मध्यापर्यंत आमच्याबरोबर आला, तिथं थांबला आणि म्हणाला, "मी इथं उभा आहे." आबा पलीकडे जाऊन परत वळून पाहत होते. मामा हात हलवत होता, जणू ते विलायतेला निघालेत.

अंगणात घाणा होता. डोळ्यांवर झापड बांधलेला एक पांढरा बैल गोल गोल फिरत होता आणि लाकूड कर्रर्र कर्रर्र वाजत होतं. भागूबाईनं तीळ आणि गूळ एकत्र घाण्यात घातला होता. थंडीत तिकडे तसं कुटून खातात, सानी म्हणतात तिला. तेलानं चकचकीत, गरम, गोड. पिणारा माणूस सोडतो तेव्हा त्याला गोड खायची फार इच्छा होते, हे भागूबाईला कोणी शिकवलं नव्हतं. तिचा नवरा दारूनं गेला होता, शेवटी शेवटी तो गूळ मागायचा. ती सांगे, "तेव्हा मी दिला नाही, लपवून ठेवला. आता येईल त्याला देते."

आठ-दहा माणसं पोत्यांवर बसली होती. एक म्हातारा माहूत, एक धोबी, दोन शिपाई, दरबारातला एक कारकून, एक सुतार. सगळ्या जातींचे. एकाच परातीतून सानी घेत होते. आई क्षणभर दारात थबकली. मग मला हळूच म्हणाली, "बस. दारू पिताना कुणी जात विचारत नव्हतं." आम्ही भागूबाईजवळ बसलो.

पद्धत अशी होती. प्रत्येकानं स्वतःविषयी बोलायचं. दुसऱ्याविषयी नाही. कोणी कोणाला उपदेश करायचा नाही. माहूत म्हणाला, "आज सकाळी हत्तीला आंघोळ घालताना फार आठवण झाली. मग हत्तीनंच माझ्यावर पाणी उडवलं." सगळे हसले. कारकून म्हणाला, "माझ्या सासऱ्यांनी आज मला परत पिणारा म्हटलं. मी प्यालो नव्हतो. प्यालोच नसताना शिव्या खायच्या म्हणजे पैसे देऊन माल न मिळाल्यासारखं." पुन्हा हसले. मग आबांकडे वळले.

आबा तयारच होते. त्यांनी वरातीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. आणि ती कशी सांगितली! घोडा कसा बुजला, वाजंत्रीवाला कसा सनईतच हसला, नवरदेव कसा आंधळ्यासारखा हात पुढे करून... माणसं पोट धरून हसली. बैलसुद्धा थांबला. आबा एकदम खुलले. मला वाटलं, झालं, इथंही सगळे यांच्यावर खूश.

हसू ओसरल्यावर म्हातारा माहूत शांतपणे म्हणाला, "भिया, मजा आली. हे नवरदेवाचं झालं. आता थारी बात बता."

   आबांना शब्द सापडत नाही असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. घाण्याची कर्रर्र पुन्हा सुरू झाली होती. मग त्यांनी स्वतःच्या डोक्यावरचा साफा सोडला, गुडघ्यावर घेतला आणि तो पुन्हा बांधू लागले.  पेच बसेना. पुन्हा सोडला, पुन्हा बांधला. "हे," ते म्हणाले. "हे एवढंच मला येतं. आणि हे येत नाही आता."

आई माझा हात इतका घट्ट धरून होती की बांगडी रुतली. कोणी 'होईल, होईल' म्हटलं नाही. कोणी पाठीवर हात ठेवला नाही. शिपायांपैकी एकजण उठला, आबांसमोर येऊन मांडी घालून बसला, आपला साफा काढला आणि आबांच्या मांडीवर ठेवला. "बांध."

"वाकडा होईल."

"होऊ दे. मी सरळ कधी होतो?"

आबांनी बांधला. वाकडाच झाला, एका कानावर लोंबणारा. मग धोबी आला. मग सुतार. मग कारकुनानं आपली इस्त्री केल्यासारखी पगडी काढली, एक क्षण तिच्याकडे दुःखानं पाहिलं आणि पुढे केली. माहुताला तर साफाच नव्हता, त्यानं खांद्यावरचं उपरणं दिलं. अंधार पडायच्या आत सगळे उठले आणि वाकडे, सैल, लोंबते साफे घालून, न सोडता, बाजारातून आपापल्या घरी गेले. लोक थांबून पाहत होते. रस्त्याच्या मध्यावर उभ्या मामानं ती मिरवणूक पाहिली आणि मला विचारलं, "हे काय गं?" मी म्हटलं, "मामा, आबांनी बांधलेत." मामानं मिशीवर हात फिरवला. मग म्हणाला, "उद्या माझाही बांधायला सांग. पण इकडच्या बाजूला येऊन."

आम्ही देवासला पूर्ण हिवाळा राहिलो. आबा रोज घाण्यावर जात, आणि ज्या वेळेला धारेत ते मागच्या दारानं निघत, त्याच वेळेला इथे कोणाच्या तरी डोक्याला कापड गुंडाळत असत. साफे हळूहळू सरळ होऊ लागले. मधे एकदा ते घाण्यावर पोचलेच नाहीत. आईनं ओळखलं. ते उशिरा आले, पिऊन, आणि दारातच उभे राहिले, आत येईनात. मला वाटलं आता त्यांना हाकलतील. भागूबाईनं सानीचा गोळा हातावर ठेवला आणि म्हणाली, "आज आलास, बरं केलंस. उद्या लवकर ये." एवढंच. आबा सांगत, धारेत सरदारानं हाकललं तेव्हा इतकी लाज वाटली नव्हती, आणि इतकं बरंही.

इथं थोडं थांबते. माझा नातू इंदुरास हिंदी शाळेत शिकला. हे मराठी त्याला वाचता येत नाही, मी वाचून दाखवते. तो विचारतो, "आजी, फिर वो पूरे ठीक हो गए?" मी म्हणते, पूर्ण ठीक काय असतं रे? त्यानंतर आणखी एकदा घसरले, माझ्या लग्नाच्या वर्षी, आणि उठले. सरदारांकडून बोलावणं यायला फार काळ गेला. तोवर बाजारातली, शेतकऱ्यांची लग्नं करत राहिले. मग बोलावणं आलं आणि ते गेले. म्हातारपणी हात थरथरले ते म्हातारपणानंच. त्याला हे उत्तर फारसं आवडत नाही. त्याला दणक्यात शेवट हवा असतो.

वसंतात धारेला परतलो तेव्हा खरी भीती होती. धारेत घाणा नव्हता, माहूत नव्हता, मंडळी नव्हती. आणि ती संध्याकाळची वेळ रोज येत होती. पहिल्याच दिवशी आईनं ओसरीवरची कालबुतं भिंतीला सारली, सतरंजी टाकली, दिवा लावला आणि परातीत तीळगूळ आणून ठेवला. आमच्याकडे घाणा नाही, म्हणून पाट्यावर वाटलेला. गल्लीत सगळ्यांना सांगून आली होती, की ज्याला सोडायची आहे त्यानं यावं, कोणी काही बोलणार नाही. आम्ही बसलो. कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. लोक जाता जाता पाहत आणि पावलं उचलत. आबा म्हणाले, "राहू दे. हसतात लोक. माणसंच नाहीत तर बैठक कसली?"

आई परात पुढे सरकवत म्हणाली, "तुम्ही आलात ना? मग भरली. बोला."

"कुणाशी?"

"मी बसलेय ती काय भिंत आहे?"

आणि आबा बोलू लागले. चाचरत, गोष्ट न रंगवता. आज सकाळी कुठून गेलो, कुठल्या वळणावर पाय थांबले, मग कसे ओढून नेले. रोज संध्याकाळी ते बोलत, आई ऐके, मी ऐके. मला तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत आईनं आबांना गाताना, विनोद करताना ऐकलं होतं, बोलताना कधीच ऐकलं नव्हतं.

आमच्या समोर हणमंता नालबंद राहायचा. घोड्यांना नाल ठोकणारा, आडदांड माणूस. पिऊन आला की त्याच्या घरातली भांडी अंगणात यायची आणि गल्ली दारं लावून घ्यायची. एका संध्याकाळी आबा बोलत असताना आई एकाएकी उठली. तिनं एका वाटीत तीळगूळ घेतला, ओसरीच्या पायऱ्या उतरली आणि खाली आमच्याच भिंतीच्या वळणाशी अंधारातल्या ओट्यावर वाटी ठेवली.  मी वाकून पाहिलं तर हणमंता तिथं भिंतीला टेकून बसला होता, गुडघे पोटाशी घेऊन, इतका मोठा माणूस इतका लहान होऊन. किती दिवस बसत होता कोण जाणे. त्याला वाटत होतं, कोणालाच माहीत नाही.

आई परत येऊन आपल्या जागी बसली, पदर सावरला आणि आबांना म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला. खाली नीट ऐकू जात नाही."